ते दोघं आहेत तोवर

प्रिय पोरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते की आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या सासरेबुवांचा गुडघा आहे तसाच आहे. जिना चढताना तो यांना छळतो आणि मग दिवसभर हे मला. मागच्या खोलीतला हीटर पुन्हा रुसलाय. दुरुस्तीवाला येतो, त्याला दोन लाथा घालतो, चहा पितो आणि जातो. बाकी सगळं ठीक. मग पत्र कशाला, असं तुला वाटेल, आपण एक दिवसाआड फोनवर बोलतो की. पण फोनवर तू 'काय म्हणता' विचारतेस, मी 'बरं आहे' म्हणते, आणि मग आपली गाडी हवापाण्यावर घसरते. मला जे बोलायचंय त्याच्या मध्ये तुझा आवाज आला तर माझं बोलणं जागच्या जागी राहून जाईल. म्हणून गिऱ्हाईक नसताना काउंटरवर बसून लिहितेय. कागद कुठे ओला दिसला तर ते बादलीचं पाणी समज. निदान इथवर तरी ते बादलीचंच आहे.

थंडी यंदा जाता जात नाही. रस्त्याकडेची झाडं अजून खराट्यांसारखी उभी आहेत. या दिवसांत आपल्याकडे काय खपतं ते तुला ठाऊक आहे, पांढरी शेवंती आणि पांढरी लिली, थंडीनं नेलेल्या म्हाताऱ्या माणसांना पोचवायची फुलं. रोज तेच बांधून बांधून बोटांना त्या पांढऱ्याचा कंटाळा येतो. परवा मात्र काचघरातून ट्युलिपचं पहिलं खोकं आलं. सगळे मुठी आवळून बसलेले, देठांना नुसता हिरवा कच्चा वास. यांनी खोकं उघडलं, जरा वेळ बघत उभे राहिले आणि 'आला' एवढंच म्हणाले. दरवर्षी एवढंच म्हणतात. खारू म्हणायचा ते आठवतं ना तुला? वसंत रस्त्यावर एप्रिलमध्ये येतो आणि फुलवाल्यांकडे फेब्रुवारीत, मधले दोन महिने आपण तो लोकांना विकतो. लहानपणी खिशात सुतळ्या, बटणं, बिया, काय वाट्टेल ते साठवायचा म्हणून मी त्याला खार म्हणायचे, त्याचं खारू झालं. ते इतकं चिकटलं की लग्नाच्या कागदावर त्याचं खरं नाव वाचून तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस, जणू भलत्याच माणसाशी लग्न लागतंय.

तुम्ही पहिल्यांदा भेटलात ती गोष्ट तुला पाठ आहे, पण तू काउंटरच्या त्या बाजूला होतीस. या बाजूची मी तुला कधी सांगितली नाही. अशीच थंडी होती. तू हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून सुटून थेट आली होतीस, अंगात जाडजूड कोट, नाक लाल, आणि हातांचा स्पिरिटचा वास काउंटर ओलांडून माझ्यापर्यंत येत होता. 'दिवसभर लोकांचं रक्त काढते, नाकात दुसरा वासच उरला नाही. वास येणारं काहीतरी द्या,' म्हणालीस. मी गुलाब दाखवले. तू एकेक हुंगलास आणि 'याला कसलाच वास नाही' असं तोंडावर म्हणालीस. खरंच होतं म्हणा, थंडीतले ते गुलाब दिसायला राजबिंडे आणि वासाला पुठ्ठा. पण शेजारी दुसरी गिऱ्हाइकं उभी असताना कुणी असं बोलतं का? मी मनात म्हटलं, ही बया घेणार काही नाही आणि माझे गुलाब मात्र हुंगून शिळे करणार. तेवढ्यात खारू मागच्या खोलीतून ओले हात पॅन्टला पुसत आला आणि त्यानं तुझ्यासमोर फ्रीझियाची एक काडी धरली. पिवळी. खालचं एक फूल उमललेलं आणि पुढे कळ्यांची उतरती रांग. तू नाक जवळ नेलंस आणि डोळे मिटलेस. मी दुकानात जन्म घालवला, लोकांना फुलं हुंगताना हजारदा पाहिलंय, पण तहानलेल्या माणसानं पाणी प्यावं तसं कुणी हुंगलेलं मी पाहिलं नव्हतं. खारू म्हणाला, 'रोज एकेक उघडेल. शेवटची उघडली की या.' तू पर्स काढलीस तर म्हणाला, 'आम्ही कळ्यांचे पैसे घेत नाही.' हा आपल्या दुकानाचा नियम आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं.

शेवटची कळी उघडायची वाट कुणी बघितली? दोन दिवसांत तू पुन्हा हजर. मग रोजच. एक काडी घेणार आणि अर्धा तास उभी राहणार. मी वर जाऊन यांना म्हटलं, 'तुमचा मुलगा माल फुकट वाटत सुटलाय.' हे चहा ढवळत म्हणाले, 'माल जातोय तर जाऊ दे. माणूस येतंय.' यांना आधी कळलं होतं बघ. मला वेळ लागला. खोटं कशाला बोलू, मला तू सुरुवातीला आवडली नव्हतीस. एकुलता एक मुलगा, त्यात दुकान त्याच्या हातचं, आणि ही पोरगी शेवंती आणि ॲस्टरमधला फरक न कळणारी. लग्नाचा गुच्छ स्वतःच बांधायचा हट्ट धरलास आणि असा बांधलास की बँडेजच. फोटोत अजून तो गुच्छ जखमी दिसतो. पण तू माझ्याशी कधी गोड गोड बोलली नाहीस, चुकलं की चुकलं म्हणालीस, आणि शिकलीस. 'अहो आई, हा देठ तिरका कापायचा ना?' 'अहो आई, हे पाणी बदलू का?' दिवसभर अहो आई, अहो आई. मी वरून कुरकुर करायचे आणि एखाद दिवशी तुला रात्रपाळी असली की दुकानात कसलातरी आवाज कमी आहे असं मला वाटत राहायचं.

त्या सकाळबद्दल आपण कधीच बोललो नाही. आज लिहिते, कारण ते ओलांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. खारू नेहमीसारखा पहाटे व्हॅन घेऊन घाऊक बाजाराला गेला होता. रस्त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. येताना वळणावर समोरून ट्रक घसरत आला आणि ड्रायव्हरची बाजू तेवढी घेऊन गेला. तेवढीच. मागच्या भागाला काही झालं नव्हतं. दुपारी पोलिसांनी खोकी आणून दुकानात ठेवली, सही घेतली आणि टोप्या हातात धरून निघून गेले. सगळी फ्रीझिया. त्या वर्षीचा पहिला माल, त्यानं तुझ्यासाठी मुद्दाम जास्तीचा घेतलेला. एका फुलाला ओरखडा नव्हता. तू आणि मी भिंतीला टेकून उभ्या होतो आणि हे खाली बसून खोकी उघडायला लागले. देठ कापले, बादल्या भरल्या, एकेक जुडी पाण्यात उभी केली. मला यांचा त्या घटकेला इतका संताप आला होता की हातातली कात्री हिसकावून घ्यावी. आता कळतं, माणसाला काहीच सुचेना तेव्हा हात आपलं रोजचं काम करत राहतात.

आणि फ्रीझिया किती चिवट असते ते तू जाणतेस. आपण त्याला पोचवून आलो, माणसं येऊन बसून गेली, शेजारणीचे डबे आले आणि परत गेले, आणि खाली ती रोज एकेक उघडत राहिली. वास जिन्यानं वर यायचा. उशांना, टॉवेलांना, पावाला तोच वास. मला वाटायचं बादल्या रस्त्यावर नेऊन ओताव्यात, पण हात धजावला नाही. तू तिथेच सतरंजी टाकून पडून असायचीस. एक दिवस मी खाली आले तर तू गुडघे पोटाशी घेऊन बसली होतीस, बाकी सगळं सुकलेलं आणि एका काडीच्या टोकाला एक कळी तेवढी राहिलेली. तू मान वर न करता म्हणालीस, 'आई, ही उघडली की संपलं.' 'अहो' गळून पडलं होतं. तू माझ्याशेजारी सरकलीस की मी तुझ्या, ते आता आठवत नाही. दोन दिवसांनी ती उघडली. त्यानंतर आपल्या दुकानात फ्रीझिया आली नाही. कुणी मागितली तर मी सांगते, यंदा माल आला नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मागच्या वर्षीही नव्हता. मी म्हणते, हो ना, हवामानच बिघडलंय.

सगळ्यांना वाटलं होतं की तू चार महिन्यांत आपल्या आईकडे जाशील. तू राहिलीस. प्रयोगशाळेतून आलीस की ॲप्रन बांधून काउंटरवर उभी राहायचीस. मग त्या दूरच्या शहरातून मोठ्या नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा तू ते चार दिवस लपवून ठेवलंस आणि मीच तुझी बॅग भरली. निघताना म्हणालीस, 'रविवारी येते.' मी म्हटलं, येशील चार-सहा महिने, मग हळूहळू कमी होईल, तसंच व्हायला हवं. पण तू एक रविवार चुकवला नाहीस. पाऊस, वारा, गाड्यांचा संप, तू आपली दारात. आपण रविवारी दुकान बंद ठेवायला लागलो. रविवार म्हणजे फुलवाल्याचा हक्काचा दिवस. शेजारचा पाववाला यांना वेड लागलंय म्हणाला. तुझ्यामागे हे घरात कसे असतात ते तुला माहीत नाही. आठवडाभर यांच्या तोंडून 'मीठ' आणि 'दार लाव' यापलीकडे शब्द निघत नाही. रविवारी मात्र सकाळपासून खिडकीशी उभे, हवा बघतोय म्हणतात. आणि तू आलीस की आपल्या घरात त्याचं नाव निघतं. कप विसळता विसळता तू सहज म्हणतेस, 'हा कान खारूनं तोडला होता ना,' आणि हे हसतात, मी हसते. सोमवार ते शनिवार आम्ही एकमेकांसमोर त्याचं नाव काढत नाही. दोघांच्याही ओठांवर असतं, पण आधी कुणी काढायचं तेच ठरत नाही.

तर या थंडीत मला तुझ्यात काहीतरी खटकायला लागलं. एकदा तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळलीस. एकदा चहा कपाच्या बाहेर ओतलास आणि हसण्यावारी नेलंस. माझ्या ब्लाऊजला बटण लावायला घेतलंस आणि डोळ्यांवर चष्मा असून सुईत दोरा जाईना, चार वेळा ओठांत धरून ओला केलास. जी पोरगी म्हाताऱ्यांच्या वाळलेल्या हातांतली शीर पहिल्या फटक्यात शोधते तिला सुईचं नाक दिसेना. मी घाबरले. वाटलं, रडून रडून डोळे गेले की काय. मग वाटलं, डोक्यातलंच काही दुखणं असेल आणि ही आपल्यापासून लपवतेय. देवा, आता हिला तरी सोड, असं रोज मनात म्हणायचे. यांना बोलले नाही. त्याच सुमारास समोरच्या औषधांच्या दुकानापाशी ती करडी गाडी माझ्या नजरेस आली. दर रविवारी तीच, तिथेच, काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या. हे म्हणाले, 'पाळतीवर आहे कुणीतरी. चोर असणार.' मी म्हटलं, 'फुलवाल्याकडे येऊन काय नेणार, खत?'

मागच्या महिन्यात तू यांना पेपर वाचून दाखवत होतीस तेव्हा मी गोळ्या आणते म्हणून खाली उतरले. गोळ्या घरात होत्या. मी रस्ता ओलांडला आणि त्या गाडीच्या काचेवर टकटक केली. आत एक माणूस, मांडीवर उघडा डबा, गालात घास. मला बघून त्यानं काच खाली केली, घास कसाबसा गिळला आणि म्हणाला, 'आत बसा ना आई, बाहेर गारठा आहे.' किती दिवसांनी कुणा पुरुषमाणसाच्या तोंडून मला ती हाक आली. मी दार उघडून आत बसले. माणूस दिसायला काही खास नाही, हे तुला माझ्याकडून ऐकायला आवडणार नाही. केस मधोमध विरळ झालेत, आणि रुमालाची घडी बघून माझी खात्री पटली की हा एकटाच राहतो. मी विचारलं, 'तुम्ही करता काय?' म्हणाला, 'चष्म्याचं दुकान आहे माझं.' आणि तेव्हा मला समोर डॅशबोर्डवर मऊ फडक्यावर ठेवलेला तुझा चष्मा दिसला. बारीक सोनेरी काड्यांचा, नवा. तुझा हे मी कसं ओळखलं विचारशील, तर तुझ्या चावायच्या सवयीनं उजव्या काडीला दातांच्या खुणा होत्या.

मी त्याच्याकडे बघितलं तर तो आपणहून बोलला. 'उतरताना इथे काढून ठेवते आणि वर जाताना जुना घालते. तुमच्या मुलानं निवडलेला. त्याचा नंबर तिला आता अजिबात चालत नाही हो. मी म्हटलं, फ्रेम तीच राहू दे, मी काचा बदलून देतो, कुणाला कळणारही नाही. तर म्हणाली, काचाही त्याच राहू देत.' म्हणजे दर रविवारी तू आंधळ्यासारखी आमच्या जिन्यानं वर येत होतीस, चाचपडत आमचा चहा ओतत होतीस, आणि मला वाटत होतं तुला काही दुखणं झालंय. मी त्याला विचारलं, 'तुम्ही वर का येत नाही?' 'तिनं नको म्हटलंय.' 'आणि तुम्ही ऐकता?' 'ऐकतो.' मग मी सरळच विचारलं, माझ्या वयाला आडपडदा परवडत नाही, 'लग्नाचं काही बोललात का?' तो डब्याचं झाकण लावत बसला. ते नीट बसत होतं तरी पुन्हा पुन्हा लावत होता. 'विचारलं होतं,' म्हणाला. 'ती म्हणाली, ते दोघं आहेत तोवर नाही.'

पोरी, मी हसले. खरंच हसले. म्हटलं, 'अहो, आमच्याकडच्या बायका नव्वदीच्या आत हलत नाहीत. तोवर तुमच्या डोक्यावर आहेत तेवढेही केस उरायचे नाहीत.' तोही हसला, म्हणाला, 'मी थांबेन.' काही आव न आणता म्हणाला, बसची वाट बघणाऱ्यानं म्हणावं तसं. मग मला हसू आवरेना, आणि ते हसू कधी बदललं तेही कळलं नाही. त्यानं तुझा चष्मा उचलून बाजूला ठेवला आणि ते मऊ फडकं माझ्या हातात दिलं. समोर औषधांच्या दुकानाकडे बघत राहिला, मला लाज वाटू नये म्हणून.

डोळे पुसून वर आले तर तुझं वाचन चालू होतं. नाकाला पेपर टेकवलेला. नगरपालिका म्हाताऱ्यांसाठी बागेत गाद्यांची बाकं बसवणार आहे, एका शाळेत पोरांनी संप करून गणिताचा तास रद्द करवला, असं काय काय. मी तुझ्या मागून बघितलं. तू वाचत होतीस ती पानभर जाहिरात होती, पलंगांची. तू निघून गेल्यावर मी यांना म्हटलं, 'आज पेपरात बातम्या छान होत्या.' हे म्हणाले, 'ती मनानं बनवते. दोन-तीन महिने झाले.' 'मग बोलला का नाहीत?' 'पेपरातल्यापेक्षा बऱ्या असतात,' हे म्हणाले आणि दिवा मालवायला उठले.

मग काही दिवस मी गप्प राहिले. मला सांगायचं नव्हतं, यांना नाही, तुला तर नाहीच. चालतंय तसं चालू दे, असं वाटायचं. पोरगी येतेय, घरात नाव निघतंय, तो बापडा गाडीत डबा खातोय, कुणाचं काय बिघडलंय? मधला एक रविवार मी तसाच जाऊ दिला. तू उठताना टेबलाच्या कोपऱ्याला आपटलीस आणि 'लागलं नाही' म्हणालीस. मी तुझ्या खांद्यावर कोट टाकला आणि खिडकीतून खाली गाडी बघितली. तुझ्या कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागलेत, पोरी. एकच बट आहे, पण आहे. या दिवसांत बाजारात काचघरातली फुलं येतात ना, बाहेर बर्फ असताना आत जबरदस्तीनं उमलवलेली, त्याच्या उलटी एक तऱ्हा मी आपल्या दुकानात पाहिलीय. माल लवकर उमलू नये म्हणून आपण कळ्या थंड खोलीत ठेवतो. ठेवता येतात, आठवडा-दोन आठवडे. त्यापुढे ठेवल्या तर बाहेर काढून कोमट पाण्यात घातल्या तरी त्या उघडत नाहीत. तशाच मिटल्या मिटल्या तपकिरी होतात. मी यांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं.

तर हे पत्र यासाठी आहे. येत्या रविवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्याही नको. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, तू 'आई' म्हटलं असतंस आणि मी 'ये गं' म्हणून मोकळी झाले असते. त्या माणसाला हो म्हण. मी मोठ्या मनाची बाई नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तो मला आवडू नये असं मला फार वाटत होतं. तू दुसऱ्याच्या घरात हसशील, तिथल्या कपांचे कान दुसऱ्याच कुणी तोडलेले असतील, आणि खारू आमच्याकडून आणखी थोडा जाईल, हे मला दिसतंय आणि माझं काळीज फाटतंय. पण आम्ही आहोत तोवर नाही, असं तू म्हणालीस, आणि आम्ही आहोत. उद्याही असू. आमच्या असण्याचं तुझ्यावर हे ओझं झालेलं मला बघवत नाही. आधी तुला तिकडच्या रविवारांची सवय लागू दे. मग कधीतरी, उन्हं तापली की, दोघं मिळून या, तेव्हा तो जिना चढून वर येईल आणि जेवायला बसेल. यांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा हे गुलाबांचे देठ कापत होते. मान वर केली नाही, कापतच राहिले, इतके की फुलांची नुसती डोकी उरली. मग म्हणाले, 'आणि रविवारी आपण काय करायचं?' मी म्हटलं, 'दुकान उघडायचं.' यांनी कात्री खाली ठेवली. 'कोण येणार रविवारी,' म्हणाले. मी म्हटलं, 'येईल कुणीतरी.'

तुझीच,
आई